पापुद्र्यावरचे रंग : साक्ष आणि सजावट

१

छायाचित्रांच्या प्रदर्शनांत, दिनदर्शिकांच्या पानांवर आणि विज्ञानविषयक पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर एक विषय पुन्हा पुन्हा भेटतो. साबणाच्या पाण्याचा एक पातळ पापुद्रा असतो आणि त्यावर पिवळे, गुलबक्षी, निळे, मोरपिशी पट्टे व भोवरे पसरलेले असतात. पाहणारा क्षणभर थबकतो, ‘किती सुंदर!’ म्हणतो आणि पुढे जातो. या उद्गारापलीकडे अशा चित्रांविषयी काही बोलता येते का, त्यांत सरस-निरस आणि खरे-खोटे असा भेद करता येतो का, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. देवळाच्या छायाचित्राची पारख करायची तर देऊळ जागेवर असते. व्यक्तिचित्राची पारख त्या व्यक्तीला ओळखणारे करू शकतात. साबणाचा पापुद्रा मात्र काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत फुटतो, आणि तोच पापुद्रा पुन्हा कधी तयार होत नाही. छायाचित्र हाती येते तेव्हा त्याचे मूळ जगात कुठेही शिल्लक नसते. मूळ हस्तलिखित जळून गेले आहे आणि केवळ भाषांतर उरले आहे, अशा ग्रंथासारखी ही अवस्था आहे. अशा भाषांतराची वाहवा त्याच्या गोडव्यावरून करता येईल. पण ते मूळाशी इमानी आहे की नाही, हे कशावरून ठरवावे?

जुन्या पोथ्यांचे संपादन करणाऱ्यांना या अडचणीतून निघण्याची एक वाट ठाऊक असते. गणवृत्तातील श्लोकात नकलनवीसाच्या हातून एखादे अक्षर गळले किंवा पदरचे घुसले, तर वृत्त मोडते आणि चूक आपोआप उघडी पडते. मूळ प्रत समोर नसली तरी वृत्त साक्ष देते. साबणाच्या पापुद्र्यावरील रंगांनाही असेच एक वृत्त आहे. ते रंग वाटेल त्या क्रमाने येत नाहीत. ज्याला तो क्रम ठाऊक आहे, त्याला चित्रातील अक्षर कुठे गळले आणि कुठे घुसले हे मूळ न पाहताही सांगता येते. म्हणून या चित्रांची खरीखुरी समीक्षा शक्य आहे, आणि ती होत नाही म्हणूनच या प्रकारातील पुष्कळशी चित्रे आज साक्षीकडून सजावटीकडे घसरली आहेत, असे माझे म्हणणे आहे.

२

प्रथम हे वृत्त समजून घेऊ. कुंकवाचा, हळदीचा, निळीचा रंग त्या त्या द्रव्यात असतो. धूपछाव लुगडे हलवले की रंग बदलल्याचा भास होतो. पण तेथेही उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात, म्हणजे रंग धाग्यांतच असतो. मोरपिसाची गोष्ट निराळी. ते खलात बारीक कुटले तर हाती उरते ती काळपट-तपकिरी भुकटी. निळाई आणि हिरवाई नाहीशी होते. तो रंग द्रव्याचा नसून रचनेचा असतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ साली पक्ष्यांच्या पिसांतील रंगांविषयी आणि पुढे शिंपल्यांच्या चमकदार आतल्या थरांविषयी जे संशोधन केले, ते याच जातीच्या रंगांचे होते.

साबणाचा पापुद्रा हे या जातीचे सर्वांत साधे उदाहरण. त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा थोडा भाग पुढच्या पृष्ठभागावरून परततो आणि थोडा मागच्या पृष्ठभागावरून. हे दोन परतलेले तरंग एकमेकांत मिसळतात. शिखर शिखरावर आले तर तो रंग उजळतो, शिखर दरीवर आले तर तो रंग विझतो. भौतिकशास्त्र यालाच व्यतिकरण म्हणते. कोणता रंग विझणार हे पापुद्र्याच्या जाडीवर आणि आपण किती तिरकस पाहतो यावर ठरते. टॉमस यंग यांनी १८०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे स्पष्टीकरण मांडले.

यातून एक गोष्ट निघते, जी या चित्रांखाली लिहिल्या जाणाऱ्या मजकुरात बहुधा चुकलेली असते. या रंगांना सर्रास ‘इंद्रधनुष्याचे रंग’ म्हटले जाते. इंद्रधनुष्यात पांढऱ्या प्रकाशातील रंग एकमेकांपासून वेगळे होऊन शेजारी शेजारी उभे राहतात. पापुद्र्यावर मुख्यतः वजाबाकी होते. पांढऱ्यातून निळा विझला की उरलेले पिवळे दिसते, हिरवा विझला की गुलबक्षी दिसते, तांबडा-नारिंगी विझला की निळे दिसते. इंद्रधनुष्यात गुलबक्षी रंग शोधूनही सापडणार नाही. पापुद्र्यावर तो सर्वांत बोलका रंग असतो.

आता क्रम. उभ्या चौकटीत धरलेला पापुद्रा वरून खाली निथळतो, म्हणून वर पातळ आणि खाली जाड होत जातो. समोरून पाहिल्यास अगदी वर, जिथे जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने नगण्य असते, तिथे तो काळा दिसतो. याचे कारण असे की, पुढच्या पृष्ठभागावरून परतताना तरंग उलटतो आणि मागच्यावरून परतताना उलटत नाही. त्यामुळे दोघांमध्ये अंतरच उरले नाही की ते एकमेकांना पुसून टाकतात. त्याखाली, सुमारे १०० नॅनोमीटर जाडीला, चंदेरी पांढरा पट्टा येतो. मग १७० च्या आसपास पिवळा, २०० च्या थोडे पुढे गुलबक्षी, २३० च्या सुमारास गडद निळा. पुढे हिरव्याची छटा मिसळते आणि पिवळा, गुलबक्षी, निळसर हिरवा अशी दुसरी फेरी सुरू होते. आणखी खाली फक्त गुलाबी आणि फिकट हिरवा यांची आलटापालट राहते, आणि जाडी हजार-बाराशे नॅनोमीटरच्या पलीकडे गेली की रंग इतके फिके होतात की पापुद्रा जवळजवळ पांढराच वाटतो. थोडक्यात, प्रत्येक रंग हा जाडीचा आकडा आहे. डोंगराच्या नकाशावर उंचीच्या रेषा असतात, तशा या रंगांच्या रेषा आहेत. आणि हा नकाशा काही मिलिमीटरच्या दशलक्षांश भागांपर्यंतचे चढउतार दाखवतो.

३

या विषयाचे पहिले उत्तम ‘छायाचित्र’ शब्दांतले आहे. आयझॅक न्यूटन यांच्या १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशविषयक ग्रंथाच्या दुसऱ्या भागात साबणाच्या बुडबुड्याची निरीक्षणे येतात. हवेच्या झुळकीने रंग विस्कटू नयेत म्हणून त्यांनी बुडबुडा स्वच्छ काचेखाली झाकला. मग माथ्यापासून कड्यांसारखे रंग उमटताना, रुंदावत खाली सरकताना आणि तळाशी एकामागून एक नाहीसे होताना त्यांनी पाहिले व ते क्रमवार नोंदले. शेवटी माथ्यावर एक काळा ठिपका आला आणि वाढत गेला. त्या काळ्यातही आणखी काळे लहान ठिपके त्यांनी टिपले. एवढ्यावर न थांबता, त्या काळ्या भागातूनही मेणबत्तीचे किंवा सूर्याचे अगदी अंधुक प्रतिबिंब दिसते, हेही त्यांनी पडताळले. म्हणजे तिथे भोक पडलेले नाही, पापुद्रा आहेच. त्याआधी १६७२ मध्ये रॉबर्ट हूक यांनी बुडबुड्यांतील हे काळे डाग रॉयल सोसायटीपुढे मांडले होते.

न्यूटन यांचे कारणविवरण पुढे मागे पडले; तरंगांची कल्पना त्यांनी स्वीकारली नव्हती. त्यांचे वर्णन मात्र आजही उभे आहे. इतके की, यंग यांनी पुढे न्यूटन यांच्याच मोजमापांवरून निरनिराळ्या रंगांच्या तरंगलांबी काढल्या. निरीक्षकाचा सिद्धान्त चुकला तरी त्याची साक्ष खरी असेल, तर ती पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते. छायाचित्राकडून मी अपेक्षा करतो ती याच गुणाची.

चित्रकारांनी बुडबुड्याकडे पाहिले ते वेगळ्या नजरेने. फ्रान्सच्या शार्दँ यांनी १७३३-३४ च्या सुमारास खिडकीतून वाकून नळीने बुडबुडा फुगवणारा मुलगा रंगवला. त्यात बुडबुड्याचे रंग अगदी नावापुरते आहेत. चित्राचा सारा भार त्याच्या थरथरत्या गोलाईवर आणि मुलाच्या रोखलेल्या श्वासावर आहे. इंग्लंडच्या जॉन मिले यांनी १८८६ साली आपल्या नातवाचे बुडबुड्यांसह चित्र काढले, ते पेअर्स साबणाच्या मालकांकडे गेले आणि जाहिरात म्हणून जगभर पोचले. दोन्ही चित्रांत बुडबुडा हे क्षणभंगुरतेचे चिन्ह आहे. आपल्याकडील संतवाङ्मयातही पाण्यावरचा बुडबुडा देहाच्या नश्वरतेसाठी येतो, त्यामुळे हा संकेत आपल्याला परका नाही. पण एक फरक ध्यानात घ्यावा. ज्याला बुडबुडा केवळ ‘फुटणारी वस्तू’ म्हणून हवा आहे, त्याला त्याच्या रंगांचा क्रम पाहण्याची गरज पडत नाही. प्रतीक झालेल्या वस्तूकडे माणसे नीट पाहीनाशी होतात. आजच्या छायाचित्रांतील पुष्कळ दोषांचे मूळ मला या सवयीत दिसते.

४

छायाचित्रणाने साबणाच्या पापुद्र्याला हात घातला तो रंगांसाठी नव्हे. लॉर्ड रॅले यांनी १८९१ च्या सुमारास विजेच्या ठिणगीच्या उजेडात फुटत्या पापुद्र्याची चित्रे टिपली. डोळ्याला जे ‘होता आणि नाहीसा झाला’ एवढेच दिसते, त्याच्या मधला क्षण तिथे हाती लागला. पॅरिसमध्ये मारे यांचे सहकारी लुसियाँ बुल यांनी १९०४ मध्ये बंदुकीची गोळी बुडबुड्यातून आरपार जाताना चलच्चित्रात पकडली. ही चित्रे कृष्णधवल आहेत आणि त्यांना रंगांची उणीव भासत नाही, कारण त्यांचा प्रश्न गतीचा होता व उत्तरही गतीचे मिळाले.

याच काळात चार्ल्स व्हर्नन बॉइज यांचे साबणाच्या बुडबुड्यांवरील छोटे पुस्तक आले. १८८९ च्या अखेरीस आणि १८९० च्या आरंभी लंडनमध्ये मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानांतून ते झाले. १८९० च्या पहिल्या आवृत्तीच्या नावात बुडबुडे आणि त्यांना आकार देणारी बले यांचाच उल्लेख होता. पुढच्या वाढवलेल्या आवृत्तीच्या नावात ‘त्यांचे रंग’ हे शब्द दाखल झाले. या पुस्तकाचे मोठेपण असे की ते वाचकाला चित्र दाखवून थांबत नाही. तार वाकवून चौकट कशी करावी, द्राव कसा बनवावा, पापुद्रा कसा धरावा हे सांगून ते वाचकालाच साक्षीदार करते. मूळ नष्ट होण्याच्या अडचणीवर बॉइज यांनी काढलेला तोडगा अगदी साधा आहे. मूळ जपता येत नाही ना, मग ते प्रत्येकाने आपल्या घरी पुन्हा घडवावे!

अमेरिकन छायाचित्रकार बेरेनीस ॲबट यांचे साबणाच्या बुडबुड्यांचे चित्र १९४० च्या दशकातले. न्यूयॉर्क शहराच्या पालटत्या रूपाची चित्रे टिपून नाव मिळवलेल्या या बाईंनी १९३९ पासून विज्ञान हा आपला विषय मानला आणि १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठात नव्या भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकासाठी त्या छायाचित्रे काढू लागल्या. विज्ञान आणि सामान्य माणूस यांच्यामध्ये छायाचित्रकाराने दुभाषा व्हावे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या चित्रात बुडबुड्यांची एकमेकांना चिकटलेली दाटी आहे आणि रंग नाहीत. काळ्या-पांढऱ्यात पाहणाऱ्याचे लक्ष भिंतींच्या मांडणीकडे जाते, म्हणजे लहान-मोठे बुडबुडे एकमेकांना कसे सामावून घेतात, कुठे तीन भिंती एकत्र येतात, त्याकडे. रंग असते तर ती मांडणी त्यांच्याखाली दडपली गेली असती. ॲबट यांनी काय सोडले हे पाहिले, म्हणजे त्यांनी काय राखले हे कळते. दुभाष्याने सगळेच सांगायचे नसते. जे सांगायचे ते इमानाने सांगायचे असते.

५

आता प्रत्यक्ष रंगीत छायाचित्राकडे वळू. हे काम दिसते तितके सोपे नाही. पाण्याच्या एका पृष्ठभागावरून समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम २ टक्के परततो; दोन्ही पृष्ठभागांचे तरंग एकमेकांना पूर्ण साथ देतात तेव्हाही तो सुमारे ८ टक्क्यांपर्यंतच जातो. उरलेला प्रकाश पापुद्र्यातून आरपार निघून जातो. म्हणून मागची बाजू काळी हवी. मागे उजेड असेल तर रंग धुऊन निघतात. प्रकाश पसरट हवा, कारण आपण पाहतो ते प्रकाशस्रोताचे प्रतिबिंबच असते. छोटा दिवा ठेवला तर एक झगझगीत ठिपका मिळेल. पांढरा पुठ्ठा किंवा ट्रेसिंग पेपर उजळून ठेवला तर संपूर्ण पापुद्रा रंगांनी भरलेला दिसेल. हवा निश्चल हवी. द्रावात थोडे ग्लिसरीन घातले की पापुद्रा अधिक टिकतो. आणि रंग सतत वाहत असल्याने क्षणकाळ अल्प हवा, म्हणजे फ्लॅश किंवा बराच उजेड.

यांतील प्रत्येक निवड ही भाषांतरकाराची निवड आहे. दिव्याचेच उदाहरण घ्या. सूर्यप्रकाशात सर्व तरंगलांबी अखंड असतात, म्हणून वर सांगितलेला क्रम तिथे शुद्ध मिळतो. प्रकाशनळीच्या उजेडात काही तरंगलांबी उठून असतात. तिच्यात जाड भागावरही पट्टे दिसत राहतात आणि रंगांचा नूर पालटतो. सोडियमच्या पिवळ्या दिव्यात तर केवळ पिवळे आणि काळे पट्टे दिसतात, पण ते पुष्कळ दिसतात आणि मोजण्यास सोयीचे असतात. यांतला कोणताही दिवा खोटा नव्हे. दिवा कोणता हे न सांगणे मात्र अर्धवट साक्ष देणे होय.

चांगले चित्र ओळखण्याच्या मी लावतो त्या कसोट्या या वृत्तातूनच निघतात. पहिली, चंदेरी पट्ट्याची. काळ्याच्या लगतचा हा पट्टा जवळजवळ पांढरा असायला हवा. तो निळाशार किंवा तांबूस दिसला तर कॅमेऱ्याने किंवा नंतर कोणीतरी साऱ्या चित्राचा तोल ढळवला आहे. दुसरी, फिकेपणाची. जाड भागातील गुलाबी आणि हिरवा हे फिकटच असायला हवेत. तिथे लालभडक आणि पाचूसारखा हिरवा दिसला, तर ते अक्षर मागाहून घुसलेले आहे. तिसरी, पट्ट्यांच्या रुंदीची. निथळत्या उभ्या पापुद्र्यावर पट्टे वर रुंद आणि खाली दाट होत जातात. ही लय चित्रात उरली पाहिजे. चौथी कसोटी काळ्याची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

काळा भाग हा या चित्रांचा सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. चौकट कापताना पुष्कळदा तोच आधी कापला जातो, कारण तिथे ‘काही नाही’ असे वाटते. वास्तविक सर्वांत विलक्षण घटना तिथे घडलेली असते. सर्वांत पातळ काळ्या पापुद्र्याची जाडी अवघी पाच-सहा नॅनोमीटर असते. म्हणजे साबणाच्या रेणूंचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये नावापुरते पाणी. शेजारच्या चंदेरी भागापासून काळ्याची कड धारदार असते, कारण तिथे पापुद्रा हळूहळू पातळ न होता एकदम खालच्या पायरीवर उतरतो. ही कड ज्या चित्रात स्पष्ट दिसते ते चित्र, बाकी रंग कितीही मवाळ असोत, मी वरच्या प्रतीचे मानतो. काळे कापलेले चित्र म्हणजे शेवटचा चरण गाळलेला श्लोक. सिरिल इझेनबर्ग यांच्या १९७८ सालच्या साबणाच्या पापुद्र्यांवरील ग्रंथासारखी पुस्तके आजही उपयोगी वाटतात ती एवढ्याचसाठी की, तिथे चित्र हे युक्तिवादाचा भाग असते आणि त्याच्या शेजारी जाडीचा हिशेब उभा असतो.

६

गेल्या वीसेक वर्षांत संगणकावर चित्र दुरुस्त करणे हातचा मळ झाल्यापासून या प्रकारात दोन प्रवाह बळावले. पहिल्यात रंगांचा गडदपणा शेवटच्या टोकापर्यंत ओढलेला असतो. दुसऱ्यात पापुद्र्याचा गोल तुकडा काळ्या पार्श्वभूमीवर असा मांडतात की तो एखाद्या दूरच्या ग्रहासारखा दिसावा. भोवरे म्हणजे जणू त्याची वादळे. दुसऱ्या प्रवाहाला मी सरसकट दोष देणार नाही. पातळ पापुद्र्यातील प्रवाह बऱ्याच अंशी दोनच मितींत घडतात, आणि म्हणून वातावरणातील मोठ्या भोवऱ्यांचा अभ्यास करताना शास्त्रज्ञांनी त्यांचा नमुना म्हणून उपयोग केला आहे. साम्याला तिथे आधार आहे. पण रंग भडकवल्यावर तो आधारही सुटतो, कारण भोवरा आपल्याला दिसतो तोच मुळी जाडीच्या रेषांमुळे. रेषा पुसल्या की उरतो तो कापडावरचा छाप.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कलेने भौतिकशास्त्राची परीक्षा का द्यावी? कवीने चंद्राला शीतल म्हटले म्हणून आपण त्याच्यापुढे तापमापक धरत नाही. मला या आक्षेपाचा आदर आहे. चित्रकाराने बुडबुडा वाटेल त्या रंगाने रंगवावा. ते त्याचे स्वातंत्र्य आहे आणि पाहणाऱ्यालाही ते ठाऊक असते. छायाचित्र मात्र आपल्या बाजूला एक मूक शपथ घेऊन येते : ‘हे असे होते.’ या शपथेवरच त्याचा अर्धा प्रभाव उभा असतो. पापुद्र्याचे छायाचित्र पाहून आपण थबकतो ते, असे रंग खरोखर साबणाच्या पाण्यावर येतात, या विस्मयाने. शपथेचा लाभ घ्यायचा आणि तिचे बंधन नाकारायचे, हा व्यवहार सरळ नव्हे. शिवाय इथे नुकसान कलेचेही आहे. भडकवलेल्या चित्रात सर्वच रंग सारखे ओरडतात. पहिल्या फेरीतील भरदार पिवळा आणि पाचव्या फेरीतील विरलेला गुलाबी यांच्यात जो उतार असतो, तीच या दृश्याची लय. आलापापासून अखेरपर्यंत एकाच पट्टीत गायलेल्या गाण्यासारखी तिची गत होते.

छपाईच्या शाईत हे रंग मावत नाहीत म्हणून ते वाढवावे लागतात, अशी सबब कधी ऐकू येते. ती फारशी टिकत नाही. छापखान्यात रंगीत चित्र पिवळ्या, गुलबक्षी आणि आकाशी निळ्या शाईने छापतात. त्या शाया पांढऱ्यातून अनुक्रमे निळा, हिरवा आणि तांबडा वजा करतात. साबणाचा पापुद्राही वजाबाकीच करतो. दोघांची रीत निराळी, पण हिशेब सारखा. त्यामुळे पापुद्र्याचे रंग छापील कागदाला बऱ्याच अंशी पेलणारे आहेत. पेलवत नाही तो छायाचित्रकाराचा मोह.

७

शेवटी एका अशा छायाचित्रणाचा उल्लेख करायला हवा की ज्यापुढे वरील सारे भाषांतर दुय्यम ठरते. रूढ रंगीत छायाचित्रण तीन आकड्यांवर चालते. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये तीन रंगांच्या काचांमधून घेतलेल्या चित्रांनी एक रंगीत फीत पडद्यावर दाखवली. आजचा कॅमेराही प्रत्येक बिंदूपाशी तांबडे किती, हिरवे किती, निळे किती, एवढेच नोंदतो. पॅरिसच्या गाब्रिएल लिपमान यांनी १८९१ साली वेगळा मार्ग दाखवला. अत्यंत सूक्ष्मकण लेपाच्या काचेमागे त्यांनी पाऱ्याचा आरसा ठेवला. आत जाणारा आणि पाऱ्यावरून परतणारा प्रकाश यांच्या व्यतिकरणाने लेपात चांदीचे थर उमटले, अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने. ती काच पुढे पांढऱ्या प्रकाशात धरली की त्या थरांवरून तोच रंग परततो. तिथे ना रंगद्रव्य, ना शाई. मोरपीस आणि साबणाचा पापुद्रा यांच्याच जातीचा रंग काचेत कायमचा बसवला गेला. याबद्दल १९०८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक लिपमान यांना मिळाले.

म्हणजे व्यतिकरणाच्या रंगाचे त्याच भाषेत चित्र घेण्याची किमया साधली होती. पण तिच्यात दोन अडचणी होत्या. या पद्धतीत प्रकाश बराच वेळ द्यावा लागे, कधी मिनिटे तर कधी त्याहूनही अधिक. क्षणोक्षणी वाहणारा पापुद्रा तिच्यापुढे स्थिर उभा राहणे अशक्यच. आणि तयार झालेल्या काचेची प्रत काढता येत नसे; ती पुस्तकात छापायची तर पुन्हा शाईकडेच यावे लागे. लोझान येथील संशोधकांनी २०२१ मध्ये या जुन्या काचांचे नव्याने विश्लेषण करून असेही दाखवले की, त्यांवरून परतणारा प्रकाश मूळ प्रकाशाची तंतोतंत नक्कल नसतो. त्यात काही ठरावीक विकृती येतात, आणि त्या ओळखून मूळ प्रकाशाचा अंदाज बांधता येतो. सर्वांत इमानी साक्षीदारालाही आपला एक हेल असतो. तो हेल ओळखून ऐकले की साक्ष खरी ठरते.

यातून जो निष्कर्ष निघतो तो साबणाच्या पापुद्र्यापुरता राहत नाही. मूळाची हुबेहूब प्रत कोणाच्याच हाती लागणार नाही. न्यूटन यांच्या शब्दांना, ॲबट यांच्या कृष्णधवल कागदाला, लिपमान यांच्या काचेला आणि आजच्या कॅमेऱ्यालाही आपापल्या मर्यादा आहेत. या साऱ्यांमध्ये चांगल्याला चांगले ठरवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मर्यादेत राहूनही मूळाचा क्रम न मोडणे. दिवा कोणता होता हे सांगावे, काळे कापू नये, फिके आहे ते फिके राहू द्यावे. एवढे पाळले तर काही सेकंदांत नाहीशा झालेल्या एका पापुद्र्याच्या जाडीचा हिशेब शंभर वर्षांनी पाहणाऱ्यालाही त्या चित्रावरून मांडता येईल. जे फुटून गेले त्याची एवढी साक्ष उरणे पुष्कळ आहे, आणि ती उरली तर सौंदर्याला निराळी ओढाताण करावी लागत नाही.